मामाच्या गाडीची रेस

गॅरेजात येणारा प्रत्येक ड्रायव्हर स्वतः अर्धा डॉक्टर असतो. गाडी उभी करायच्या आधीच तो रोगाचं नाव सांगतो, औषधही सांगतो, आणि आपण फक्त पाना फिरवायचा असं त्याचं म्हणणं असतं. मला अशा माणसांचा भयंकर राग येतो. पेणला रस्त्याकाठी माझं गॅरेज होतं तेव्हा मी अशा कित्येकांना "मग तूच खोल की" म्हणून हाकलून दिलं आहे. माझं तोंड वाईट, हे मला माहीत आहे. हात चांगला होता म्हणून लोक सहन करायचे.

माझा मामा तेवढा वेगळा. तो काय होतंय तेवढंच सांगायचा, का होतंय ते माझ्यावर सोडायचा. म्हणून त्या उन्हाळ्यात एका दुपारी तो रोह्याला मीठ उतरवून परत आला आणि केबिनमधून उतरता उतरता म्हणाला, "रेस अडकते रं. पाय उचलला तरी गाडी पळतेच," तेव्हा मी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला. पाय उचलला असं मामा म्हणतो, म्हणजे उचललाच असणार. चूक इथेच झाली, पण ते कळायला अजून बरेच दिवस जायचे होते.

परतीच्या वाटेवर गडब गावात तो नेहमीच्या चहावालीकडे थांबायचा. त्या दिवशी गाडी बाजूला घेतली, पण इंजिनाची रेस उतरलीच नाही. ब्रेक लागेपर्यंत बंपरने तिचं बाकडं मोडलं आणि दुधाची किटली रस्त्यावर सांडली.

"मिनिटभर आधी दोन बाया बसल्या व्हत्या तिथं," मामा म्हणाला. तीस वर्षांत या माणसाने रस्त्यावर कोंबडीसुद्धा मारली नव्हती.

मामा खाडीकडच्या मिठागरातला. लहानपणापासून बापाबरोबर आगरात उतरायचा, पायांनी चिखल तुडवून मिठाचे वाफे घट्ट करायचा. पुढे मीठ भरायला येणाऱ्या गाड्यांवर चढला, गाडी शिकला, आणि हळूहळू एक जुना ट्रक त्याचा स्वतःचा झाला. आमच्या आगरातल्या घरांमधून स्वतःच्या गाडीच्या स्टीअरिंगवर बसलेला तो पहिला माणूस. त्याला मूलबाळ नव्हतं. माझे वडील गेले तेव्हा मला गॅरेजात चिकटवलं ते त्यानेच, आणि पुढे मी स्वतःचं गॅरेज टाकलं तेव्हा पहिला नारळही त्यानेच फोडला. निम्म्या फेऱ्या रोह्याच्या, म्हणून त्याने रोह्याजवळ वरशाला दोन खोल्या बांधल्या होत्या. मामी तिथे राहायची. त्या वेळी घरोघर टीव्ही आले होते आणि मोबाइल यायचे होते.

गाडी तो अनवाणी चालवायचा. चपला काढायच्या, पायरीला हात लावायचा, तो हात कपाळाला लावायचा आणि मग वर चढायचं. गाडी म्हणजे लक्ष्मी, तिच्या घरात चपला घालून कोण जातं? आमच्याकडचे बरेच जुने ड्रायव्हर असेच. पण मामाचं आणखी एक कारण होतं. इंजिनात काय बिघडलंय ते त्याला तळपायाने कळायचं. मी नवा होतो तेव्हा तो मलाही चपला काढून केबिनमध्ये उभं करायचा. "कान फसवतो रं, तळवा नाय फसवत," म्हणायचा. इंजिनात डिझेल फवारणारा एखादा नोझल नीट काम करत नसेल तर फळीला एक वेगळीच थरथर येते, ती मी त्याच्याकडून पायाने ओळखायला शिकलो. पुस्तकात असलं काही नसतं.

तर, रेस अडकते. पेडल अडकण्याची कारणं मोजकी, आणि ती सोप्याकडून अवघडाकडे तपासत जायची. मी आधी केबिनमध्ये वाकून बघितलं. पेडलच्या खालची फळी मिठाने सडून तिला वितभर भोक पडलं होतं. खालून सायलेन्सरचा पाइप जायचा, त्याची धग थेट टाचेला लागायची. म्हणून मामाने जुन्या सवयीने तिथे गोणपाट ओलं करून घडी घातली होती. मी ती घडी बघितली आणि मला हसू आलं. चवड्याने ढकललं की गोणपाट पुढे सरकून पेडलच्या कडेवर चढून अडकत होतं.

"मामा, हे बघ तुझं भूत," मी म्हणालो. गोणपाट बाहेर भिरकावलं आणि भोकावर पत्र्याचं ठिगळ वेल्डिंग करून टाकलं. "आता इथं परत काही ठेवायचं नाही. फळी मोकळी पाहिजे."

"बरं," मामा म्हणाला.

तेवढ्यावर मी थांबलो नाही, एवढं माझ्या बाजूने सांगतो. पेडलपासून इंजिनपर्यंत जाणाऱ्या सळ्या एकेक सोडवून हाताने हलवून बघितल्या. दोन सांधे मिठाने गंजून धरले होते, ते बदलले. सळी मागे ओढणारी स्प्रिंग सैल झाली होती, ती नवी घातली. पेडल लोण्यासारखं चालायला लागलं.

पण इंजिन चालू केलं तर नवीनच तमाशा. उभ्या जागी गाडीने संथ, एकसारखं चालायला हवं. ही आपोआप चढायची, उतरायची, मध्येच दम टाकून बंद पडायची, परत चालू केली की कोणी पाय दिल्यासारखी ओरडायची. बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवून बघायची माझी पद्धत होती. पेला चालत चालत कडेला आला आणि पडला.

मला खरं म्हणजे आनंद झाला. रोग सापडत होता. त्या जुन्या गाड्यांत डिझेलच्या पंपामागे चामड्याचा एक पडदा असायचा. इंजिन हवा ओढतं, ती ओढ एका रबरी नळीतून या पडद्याला लागते, आणि पडदा मागे सरकला की डिझेल कमी होतं. नळी चिरली किंवा पडदा फाटला की पंपाला समजतच नाही, गाडी पळवायची की उभी करायची. मग तो आपला डिझेल सोडत राहतो. मी पंपाचा दांडा मागे ओढला, नळीच्या तोंडावर बोट दाबलं आणि दांडा सोडला. पडदा चांगला असेल तर दांडा तिथेच थांबतो. हा सरळ जागेवर परत आला. खोलून बघितलं तर चामडं वाळलेल्या बोंबलासारखं ताठ आणि कडेला चिरलेलं.

नवा पडदा तेलात भिजवून बसवला, नळी बदलली. पेला बॉनेटवर ठेवला. पाण्यावर बारीक वलयं होती, पण पेला जागचा हलला नाही. मामाने ते बघून दोन्ही हात जोडले, मला की गाडीला ते कळलं नाही. मी छाती फुगवून सगळ्या गॅरेजला ऐकवलं की एका गाडीत चार दोष होते आणि चारही मी शोधले. ते खरंही होतं.

पंधरा दिवसांनी मामा परत. "अडकते रं अजून. कवा कवा."

मी परत सगळं बघितलं. सांधे मोकळे, स्प्रिंग ताठ, पडदा धरून. मी गाडी घेऊन वडखळपर्यंत जाऊन आलो. काही नाही. मामा दोन फेऱ्या करून परत आला, "अडकते." मी रिकामी गाडी एकट्याने थेट रोह्यापर्यंत नेली आणि आणली, भिसे खिंड चढलो, उतरलो, मुद्दाम पाय ठेवला, काढला. गाडी शहाण्या बैलासारखी वागली.

परत आलो तेव्हा माझं डोकं फिरलं होतं. गॅरेजात चार गिऱ्हाइकं उभी होती, शेजारच्या गणपतीच्या कारखान्यातले रंगारी चहाला आले होते. त्या सगळ्यांसमोर मी मामाला म्हणालो, "गाडीत काही नाही. तुझ्या मनात आहे. गडबच्या बाकड्याची भीती बसलीय तुला. नाहीतर म्हातारा झालास, आता घरी बस."

रंगाऱ्यांपैकी एकजण हसला. मामाने पायरीला हात लावला, कपाळाला लावला आणि गाडी काढली.

तो गेल्यावर मला लाज वाटली. जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याची मिठाची फेरी होती, मी न विचारता जाऊन त्याच्या शेजारी बसलो. "चल, मी पेडलवर नजर ठेवतो. अडकली की सांग." मामाचा चेहरा एवढा खुलला की मला आणखीच वाईट वाटलं.

गडब गेलं, नागोठणं गेलं. मी सीटवरून खाली उतरून फळीवर उकिडवा बसलो होतो, एका हातात टॉर्च, नजर पेडलवर. माझ्या तळहाताला फळीची धग लागत होती म्हणून मी दर थोड्या वेळाने हात उचलत होतो. मामाची टाच त्याच पत्र्याच्या ठिगळावर टेकलेली होती, ती हलली नाही. मला ते दिसलं, पण मनात शिरलं नाही. मी पेडल बघायला आलो होतो.

भिसे खिंडीतून रोह्याकडे उतरताना एका वळणावर समोर एसटी आली. मामा वरून ओरडला, "हे बघ! उचलला पाय! अडकली!"

मी टॉर्च मारला. पाय पेडलवर होता.

गुडघा थोडा वर आला होता, हे खरं. मांडीने आपलं काम केलं होतं. पण घोट्याच्या खालचा पाय आलाच नव्हता. चवडा पेडलवर तसाच लोंबत टेकलेला, आणि पेडल त्याच्या भाराने अर्धं दाबलेलं. मी काही विचार न करता त्याचा घोटा मुठीत धरला आणि पाय वर खेचला. इंजिन लगेच उतरलं. गाडी एसटीला वाट देऊन निघाली.

"सुटली," मामा वरून म्हणाला. "आता सुटली बघ आपोआप."

माझ्या मुठीत अजून त्याचा घोटा होता. त्याला ते कळलंच नव्हतं.

मी हळूच हात काढला आणि परत सीटवर येऊन बसलो. मामा विचारत होता, "बघितलंस नं? व्हय की नाय?" मी म्हणालो, "बघितलं." काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तशी माझी गत झाली होती. महिनाभर मी लोखंड तपासत होतो.

मीठ उतरवून आम्ही वरशाला जेवायला गेलो. मामी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. मामाने पायांवर पाणी घेतलं, उजवी टाच वळली, आणि मला ती दिसली. रुपयाएवढा फोड येऊन फुटला होता, आत लाल, कडेला काळं.

"मामा, टाच भाजलीय तुझी."

त्याने भिंतीला धरून पाय उलटा करून बघितलं. "आरं व्हय की," म्हणाला, दुसऱ्या कोणाचा पाय बघितल्यासारखा. "आगरातला पाय हाय तो. त्याला काय व्हतंय!"

हे बोलणं आमच्याकडे सगळे बोलतात. मिठात मुरलेला तळवा जाड होतो, भेगाळतो, काटा रुतत नाही, खडा टोचत नाही. टाचेवर बिडी विझवणारे म्हातारे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहेत आणि आम्हाला त्याचं कौतुक वाटायचं. पाय दुखत नाही ही आमच्याकडे अभिमानाची गोष्ट. मामाचा पाय दुखत नाही याची म्हणूनच कोणाला काळजी वाटली नाही. पण मला त्या पायाची दुसरीही गोष्ट माहीत होती. याच तळव्याला एकेकाळी नोझलची थरथर कळायची.

मामी भाकरी वाढता वाढता म्हणाली, "साखर हाय म्हणाला डॉक्टर. गोळ्या पन दिल्यात. पन आयकतोय कोन? च्यामंदी साखर कमी टाकली का तोंड फुगतं."

"गप गो, त्याला जेवू दे," मामा म्हणाला.

मी जेवलो. सांगायची वेळ तीच होती. जेवणानंतर मामा पान लावत बसला, गाडी समोर आंब्याखाली उभी. मी तोंड उघडलं, आणि काय सांगणार, असं मनात आलं. गाडीत दोष नाही, दोष तुझ्या पायात आहे. म्हणजे आजपासून स्टीअरिंग नाही. मग हा माणूस करील काय? मूल नाही, शेत नाही, आगर कधीच सुटलं. गावातली पोरं त्याला बघून हात करतात ते तो त्या केबिनमध्ये उंच बसलेला असतो म्हणून. शिवाय आदल्याच दिवशी मी त्याला चारचौघांत म्हातारा म्हणालो होतो. आता तेच परत सांगायचं, आणि या खेपेला खरं म्हणून. सगळ्या जगाला तोंडावर बोलणारा मी, तिथे मूग गिळून बसलो.

आणि मग मला एक युक्ती सुचली. मिस्त्री माणसाला युक्ती सुचते हीच त्याची खोट.

पेणला परत आल्यावर मी पेडलची नवी स्प्रिंग काढली आणि तिच्या जागी दोन जाड स्प्रिंगा जोडून बसवल्या. आता पेडलवर नुसता भार टाकून ते दबत नव्हतं, मांडीने जोर लावून रेटावं लागत होतं. जोर काढला की ते पायाला स्वतःच वर ढकलून द्यायचं. मामाचा पाय उठत नाही ना, गाडीने उठवावा. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. त्या दिवशी मात्र मला माझ्या डोक्याचा अभिमान वाटला होता, हे लपवत नाही.

मामा चार दिवसांनी नागोठण्याहून गरम भजी घेऊन आला. "काय केलंस रं? कशी झाली गाडी! पाय काढायचा नुसता इचार केला का पेडल वर!" रंगाऱ्यांनाही त्याने भजी दिली. जो हसला होता त्याला जास्त दिली. "भाच्याचा हात हाय," म्हणाला.

मी त्याला एवढंच म्हणालो की टाचेला काहीतरी लाव. तो म्हणाला, मामी हळद लावते.

उन्हाळा गेला. पावसात मिठाची वाहतूक थांबली आणि गणपतीची सुरू झाली. पेणच्या कारखान्यांतून मूर्ती पेंढ्यात बसवून गाडीत भरायच्या आणि जपून न्यायच्या, हे मामाचं आवडतं काम. गणपती घेऊन जाताना तो खड्डा चुकवायला दुसऱ्याच्या शेतातही गाडी घालील, अशी आम्ही चेष्टा करायचो. त्या वर्षीही त्याने एक मूर्ती दुखावू दिली नाही. बाकडं नाही, किटली नाही, कोणाला धक्का नाही. मी दर वेळी गाडी बघून घ्यायचो, स्प्रिंगांना तेल द्यायचो. मामा लंगडतोय असं एकदा वाटलं. विचारलं तर म्हणाला, "वय झालं, तूच बोल्लास नं?" आणि हसला. मीही हसलो.

गणपती बसले आणि मामीचा निरोप आला. मी वरशाला गेलो तेव्हा मामा तापाने फणफणला होता आणि खोलीत वास येत होता. मामीने चादर बाजूला केली. टाच राहिलीच नव्हती म्हणायची. भाजलेल्या जागेवर परत भाजलेलं, त्यावर परत, आणि त्यात पेंढ्याची एक काडी बोटभर आत गेलेली. मामी म्हणाली, कालच पाय पुसताना दिसली, ओढून बघितली, निघाली नाही, पण ह्यांनी हूं की चूं केलं नाही. दोन बोटं काळी पडली होती.

धग थांबवायला तिथे गोणपाट होतं. ते मी काढलं होतं. उघड्या लोखंडाचा पत्रा मी बसवला होता. फळी मोकळी ठेव, असं मी सांगितलं होतं आणि त्याने ती मोकळी ठेवली होती. आणि गाडी त्याला चालवता येऊ नये अशी वेळ आली तेव्हा, ती चालवता यावी अशी मीच करून दिली होती.

मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते, आवाज न चढवता बोलणारे. त्यांनी विचारलं, "साखरेने पायाची जाणीव जाते. ह्यांची कधीपासून गेलीय?"

मामी म्हणाली, "नाय म्हायती, सायब. आगरातला पाय, तो कवा दुखतच नाय."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. ते म्हणाले, चार महिन्यांपूर्वी आणलं असतं तर गोळ्यांनी, मलमपट्टीने भागलं असतं. नुसती चप्पल घालायला लावली असती तरी खूप झालं असतं. मी मान हलवली. चार महिने. भिसे खिंडीला बरोबर तेवढेच झाले होते.

गुडघ्याच्या खाली पाय काढला.

मी रोज पेणहून जायचो. एकदा गेलो तर मामा शेजारच्या खाटेवरच्या माणसाला गाडीच्या गोष्टी सांगत होता. मला बघून त्याने हात केला आणि त्या माणसाला म्हणाला, "हाच माजा भाचा. मी सांगितलं नं, ह्याने गाडीला असं कायतरी केलं का पाय आपोआप वर यायचा. मोठमोठ्या मिस्त्र्यांना जमायचं नाय ते." तो माणूस माझ्याकडे आदराने बघायला लागला. मी सोबत आणलेली मोसंबी ठेवली आणि बाहेर आलो. दवाखान्याच्या मागे एक पाण्याची टाकी होती, तिच्या आडोशाला उभा राहून मी रडलो. तोंड धुऊन परत आत गेलो तर मामा तीच गोष्ट आणखी एकाला सांगत होता.

गाडी विकायची ठरली तेव्हा रोह्याकडच्या एका जवान ड्रायव्हरने ती घेतली. आठ दिवसांत तो गॅरेजात हजर. "मिस्त्री, हे पेडल असलं कडक कशाला केलंय? खिंड चढेस्तोवर मांडी भरून येते." मी दोन्ही स्प्रिंगा काढल्या आणि साधी एक घातली. तो एक फेरा मारून आला. "आता कसं हलकं झालं! कुणी बसवल्या होत्या हो त्या?" मी बसवल्या होत्या, असं मी म्हणालो, आणि का ते त्याने विचारलं नाही.

मामाला मी सांगितलं ते पुढच्या उन्हाळ्यात. वरशाच्या पडवीत तो खुर्चीवर बसायचा, कुबड्या भिंतीला टेकवलेल्या. मामी बाजारात गेली होती. मी सगळं सांगितलं. खिंडीतलं, घोटा धरला ते, त्याला कळलं नव्हतं ते, स्प्रिंगांचं, पत्र्याचं, डॉक्टर काय म्हणाले ते. सांगताना मी त्याच्याकडे बघू शकलो नाही. रस्त्याने एक ट्रक गेला आणि सवयीने दोघांनीही त्याचा आवाज पूर्ण ऐकला.

मामा म्हणाला, "म्हंजे गाडी चांगली व्हती."

"व्हय."

"तरी मना वाटायचं, माजी गाडी अशी नाय करायची." मग तो माझ्याकडे वळला. मी रडत होतो ते त्याला दिसलं असावं. म्हणाला, "तू सांगितलं असतंस ना, तरी मी काय आयकलं नसतं रं. तू नको मनाला लावून घेऊ."

मामा आता नाही. त्याचं हे वाक्य मी कोणाला सांगितलं तर लोक म्हणतात, बघ, त्यानेच तुला मोकळं केलं. मी वाद घालत नाही. पण मामा आयुष्यात माझ्याशी एकदाच खोटं बोलला, ते त्या दिवशी. बायकोचं त्याने ऐकलं नाही, डॉक्टरचं ऐकलं नाही, पण गाडीच्या बाबतीत माझा शब्द त्याने कधी खाली पडू दिला नव्हता. त्या दुपारी वरशाला जेवून उठल्यावर मी एवढंच म्हणालो असतो की मामा, उद्यापासून तू गाडीवर बसायचं नाहीस, तर त्याने का म्हणून विचारलं नसतं. किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली असती आणि मामीला चहा टाकायला सांगितलं असतं.